ळ शोधायला घोटीला

घोटीला मुद्दाम कुणी जात नाही. मुंबईहून नाशिकला निघालेल्याला इगतपुरी गेल्यावर पाच-सात मिनिटं खिडकीतून भाताच्या गिरण्या, पोत्यांच्या थप्प्या आणि भज्यांच्या गाड्या दिसतात, तेवढीच घोटी. आसपासच्या गडांवर जाणारी माणसं उतरतात, पण तीही पुढची गाडी पकडायला. मी मात्र थेट कोल्हापुरातून, सहा दिवसांची रजा टाकून, घोटीलाच गेले. एका अक्षरासाठी. परत आल्यावर छापखान्यात सगळ्यांनी काय पाहिलंस म्हणून विचारलं. पाहिलं थोडंच होतं, ऐकलं फार होतं. ते इथे लिहिते आहे.

आधी थोडं मागचं सांगायला हवं. दोन हजार साल उलटल्यानंतरची ती चार-पाच वर्षं. संगणकावर मराठी टाइप करणाऱ्याचे तेव्हा हाल होते. प्रत्येक फॉन्टमध्ये अक्षरांची मांडणी निराळी. एकात टाइप केलेलं दुसऱ्यात उघडलं की पडद्यावर नुसत्या किडेमुंग्या. मग युनिकोड आलं आणि सगळ्यांनी एकाच रीतीने लिहायचं ठरलं, पण जुन्या मजकुराचं काय करायचं हा प्रश्न उरलाच. मी छापखान्यात डीटीपीचं काम करायची. जुनं नव्यात आणायला मी एक लहानसा प्रोग्राम लिहिला, त्याचं नाव ठेवलं ‘पालट’, आणि इंटरनेटवर ठेवून दिला. फुकट, आणि आतला सगळा कोड उघडा. ज्याला हवा त्याने घ्यावा, दुरुस्त करावा, पुढे द्यावा. सोबत परवान्याचा एक इंग्रजी परिच्छेद होता, सगळा कॅपिटल अक्षरांत. असे प्रोग्राम देणारे सगळेच तो लावतात, म्हणून मीही लावला होता. आहे तसं देतो आहे, कसलीही हमी नाही, नुकसान झालं तर लिहिणारा जबाबदार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पालट वापरणाऱ्यांची एक मेल-यादी होती. एकाने लिहिलं की ते सगळ्यांना पोचायचं. त्या यादीवर पावसाळ्याच्या अखेरीस एक पत्र आलं. ‘तुमच्या पालटने माझे सगळे ळ खाल्ले. ते परत कसे मिळतील ते कळवावे. एल. रोकडे, निवृत्त नर्स, घोटी.’

उत्तर मी देण्याआधी श्रीधरने दिलं. श्रीधर मूळचा बेळगावचा, बंगळुरात नोकरी करणारा, पालटमधल्या निम्म्या दुरुस्त्या त्याच्या. त्याने लिहिलं की परवाना वाचा, हमी नाही असं स्पष्ट म्हटलं आहे, मूळ फाईलची प्रत ठेवणं तुमचं काम होतं. त्यावर रोकडेबाईंचं उत्तर आलं की परवाना इंग्रजीत आहे, तो भाचीकडून वाचून घेतला, पण मी भरपाई मागितलेली नाही, ळ मागितले आहेत. मग इतर लोक उतरले. कुणी म्हणालं, फुकट देणाऱ्यावर कुणाचा हक्क नसतो. कुणी म्हणालं, मग चव्हाट्यावर मांडता कशाला? आठवडाभर हे चाललं. शेवटी रोकडेबाईंनी लिहिलं, ‘तेहतीस वर्षं सरकारी दवाखान्यात मी औषधं फुकट वाटली. फुकट आहे म्हणून मुदत संपलेली गोळी कुणाच्या हातावर ठेवली नाही.’

त्यानंतर यादी गप्प झाली. मीही गप्पच होते, आणि माझं गप्प राहणं सगळ्यांत वाईट होतं, कारण चूक माझी होती. त्यांच्या फॉन्टच्या कोष्टकात ळच्या जागी मी ल टाकला होता. एका रविवारी जेवण करून डोळ्यांवर झापड असताना चुकलेली ती एक ओळ. त्यात भर म्हणजे पालट नवी फाईल न करता जुनीवरच लिहायचा. ओळ दुरुस्त करायला मला दहा मिनिटं लागली. पण ज्यांचे सगळे ळ एकदा ल झाले, त्यांना त्या दुरुस्तीचा काय उपयोग? कुठला ल मुळातला आणि कुठला झालेला, हे संगणकाला कसं कळावं?

आणि माझी बाजूही सांगते. दोन वर्षांपूर्वी वडील इस्पितळात होते तेव्हा एका गावच्या प्रेसवाल्याने माझा ठिकाणा शोधून वॉर्डातल्या फोनवर मला बोलावून घेतलं होतं. त्याची जोडाक्षरं तुटत होती, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत ती नीट झालीच पाहिजेत असं तो बजावत होता. त्या दिवसापासून तो इंग्रजी परिच्छेद मला दाराच्या आतल्या कडीसारखा वाटायचा.

मी निघते म्हटल्यावर श्रीधरचा फोन आला. तो चिडला नाही, उलट काळजीने बोलला. असाच एक चांगला प्रोग्राम त्याने लोकांच्या शिव्या खाऊन बंद केला होता. तो म्हणाला, “एकीच्या घरी गेलीस तर उद्या सगळ्यांच्या घरी जावं लागेल, सुमन. आपल्याकडे देण्यासारखं तेवढंच असतं, ते जपून दे.”

मी जपून देईन म्हटलं आणि बॅग भरली.

नाशिक

दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता. सकाळी नाशिकला उतरले तर अंगात शिरशिरी भरेल अशी थंडी. आमच्याकडे पंचगंगेवर धुकं येतं ते खाली बसून राहतं. इथे गोदावरीवरचं धुकं चालत होतं. घाटाच्या पायऱ्यांवर झेंडू-शेवंतीच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. धुकं त्यांच्यामधून गेलं की नुसता पिवळा रंग उरायचा, मग पाटी दिसायची आणि सगळ्यांत शेवटी बाई. मी बराच वेळ नुसती बघत उभी राहिले. एकीने विचारलं, फुलं घ्यायचीत का कुणाची वाट बघताय? दोन्ही नाही म्हणायला मला लाज वाटली, म्हणून शेवंती घेतली.

मिसळ खाल्ली. कोल्हापूरकराने परगावच्या मिसळीबद्दल बरं बोलू नये अशी रीत आहे, पण बोलते. आमच्याकडे कट आधी डोक्यात जातो आणि सोबतीला ब्रेड असतो. इथे पाव, भाजलेला पापड आणि दही. तिखट येतं, पण विचारून आल्यासारखं.

फोन बूथवरून रोकडेबाईंना फोन केला. यादीवर मी ‘एस. पाटील’ एवढंच नाव लावायचे, ती बाई आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मग एवढंच म्हणाल्या की या, पण गाडी घोटीला थांबते का ते विचारून बसा.

मी विचारलं नाही. गाडी घोटी मागे टाकून थेट इगतपुरीला थांबली. पण ती चूक झाली ते बरं झालं. एरवी इगतपुरी मी कधी पाहिली नसती. सकाळचे दहा वाजून गेले होते तरी गाव अजून झोपेतच होतं. डोंगर अगदी स्टेशनापर्यंत आलेले. एक इंजीन कुठेतरी शिट्टी द्यायचं, ती शिट्टी डोंगरांवर आपटून तीनदा परत यायची आणि गाडी काही दिसायचीच नाही. चहावाल्याने सांगितलं, पावसाळ्यात इथे चार महिने वाळत घातलेला टॉवेल वाळत नाही. त्याचं मला तेव्हा हसू आलं. तासाभराने ते हसू जिरलं.

परत फिरणाऱ्या जीपमध्ये भाताची पोती, दोन कोंबड्या आणि आम्ही अकरा जणी अशा घोटीला आलो.

घोटी

रोकडेबाईंना सगळं गाव सिस्टर म्हणत होतं, मीही तेच म्हणू लागले. साठीच्या, ताठ, पांढरी सुती साडी, चालताना पाय आधी पुढे आणि बाई मागून. शेवंतीचा पुडा त्यांनी घेतला आणि संगणकाच्या टेबलावरच्या लहानशा बुद्धमूर्तीपुढे ठेवला. जेवायला वाढलं. घरात नव्या तांदळाचा वास होता. आमच्याकडे नवा तांदूळ लगेच शिजवत नाहीत, चिकट होतो म्हणून जुना करतात. सिस्टर म्हणाल्या की इथे उलटं आहे, नव्या भाताची पेज प्यायल्याशिवाय वर्ष सुरू झाल्यासारखं वाटत नाही.

मग त्यांनी कागद पुढ्यात ठेवले.

सिस्टरांनी नोकरीभर पाड्यापाड्यांवर पायी हिंडून बायकांचे शब्द टिपले होते. दुखण्याखुपण्याचे, बाळंतपणाचे, अंगाचे. शहरातून नवीन आलेल्या नर्सला पाड्यावरची बाई काय सांगते ते कळत नाही, आणि मग गोळी चुकते, म्हणून. निवृत्तीनंतर त्यांनी ते सगळं स्वतः एका बोटाने टाइप केलं होतं. वह्या दवाखान्याच्या कपाटात राहिल्या आणि कपाट रिकामं करताना रद्दीत गेल्या. जादाची फ्लॉपी होती, पण तिला दोन पावसाळ्यांत बुरशी चढली. टॉवेल वाळत नाही तिथे फ्लॉपी काय टिकणार? उरली होती ती एकच फाईल, आणि ती माझ्या पालटमधून गेलेली. पुढच्या आठवड्यात नाशिकला नव्या नर्सेसचं प्रशिक्षण होतं, त्यात ही पुस्तिका वाटायची ठरली होती.

मी पहिलं पान वाचलं. पोटात ‘मलमल’ होते. छातीत ‘जलजल’. ‘पाली’ चुकली. मला हसू फुटलं आणि लगेच गिळावं लागलं, कारण सिस्टर हसत नव्हत्या.

मी सीडी काढली. त्यावर मी आठ दिवस खपून केलेली दुरुस्ती होती. मराठीतले ळ असलेले सगळे शब्द तिला शिकवले होते. फाईलमध्ये मलमल दिसलं की मळमळ करायचं, कावील दिसलं की कावीळ. ती चालवली, पंधरा मिनिटांत सगळं झालं, आणि छापलेली पानं मी जरा अभिमानानेच सिस्टरांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या पानावर थांबल्या.

“हे डोळा कुणी केलं?”

मी म्हटलं, डोलाचं डोळा केलंय, बरोबर आहे की.

“वरच्या पाड्यावर डोलाच म्हणतात. खाली रस्त्याकडेला डोळा. मी जसं ऐकलं तसं लिहिलं होतं, कुठल्या पाड्यावरचं ते पुढे लिहिलं होतं. तुम्ही तर सगळ्यांना शाळेत बसवलं.”

म्हणजे काही ल माझ्या चुकीने झालेले होते आणि काही ल खरे होते. डोंगरातल्या बोलीत कित्येक ठिकाणी ळ नाहीच. आता दोन्ही एकत्र झाले होते, आणि वेगळे करणारी गोष्ट जगात एकच उरली होती. त्या बायकांची जीभ.

सिस्टरांनी पानं नीट जुळवून ठेवली. रागावल्या नाहीत. मला ते रागावण्यापेक्षा जड गेलं. त्या म्हणाल्या, “चालता येतं का?”

वरचा पाडा

तीन दिवस आम्ही चाललो. त्या तीन दिवसांची मला आता सलग आठवण नाही. आठवतात ते तुकडे, आणि तेही जागेपणीचे की झोपेतले असं वाटायला लावणारे. कापलेल्या भाताची खाचरं, त्यांत साचलेलं आभाळ. बांधावरून पुढे जाणारी पांढरी साडी. दूर कुठेतरी झोडपणी चाललेली, तिचा धप् धप् आवाज आपल्याच छातीत होतोय असं वाटायचं. उन्हं चढली की पेंढ्याचा गोड वास आणि माझ्या पायाला आलेला फोड.

वरच्या पाड्यावर ठकूबाई होती, सिस्टरांच्याही आधीपासूनची सुईण. वय कुणालाच माहीत नाही. ओसरीवर पाय पसरून बसली होती, समोर नागली, म्हणजे आमची नाचणी, वाळत घातलेली. सिस्टरांनी काम सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

“ही कोल्हापुरातून आली? जीभ कुटं लागती ते बगाया?”

मी होय म्हटलं. ठकूबाई तोंडावर पदर घेऊन इतकी हसली की आतून दोन सुना बाहेर आल्या.

मग काम सुरू झालं. सिस्टर अर्थ सांगायच्या, ठकूबाई शब्द उच्चारायची, मी कागदावर ल किंवा ळ मांडायचे. पहिल्या अर्ध्या तासात माझ्या लक्षात आलं की मला ऐकूच येत नाहीये. ठकूबाईचा आवाज ल आणि ळच्या मधूनच कुठून तरी जायचा, जशी खेकडी दगडाखाली जाते; दिसली म्हणेपर्यंत गेलेली. अक्षरं लावण्यात माझी बारा वर्षं गेली होती. अक्षरं मला आकारांनी माहीत होती. ळची ती दोन वाटोळी पोटं किती जागा खातात, ओळीत कुठे अडचण करतात, ते सगळं. पण ळ हा आवाज आहे, हे मी विसरले होते.

“डोले मिट,” ठकूबाई म्हणाली.

मी मिटले. तिने पुन्हा म्हटलं. आणि या वेळी ऐकू आलं. ल दातांशी येऊन थांबत होता. ळ आला की आवाज मागे जायचा, टाळूशी वळायचा, जरासा खोलगट व्हायचा. त्या दुपारी डोळे मिटून मी किती शब्द ऐकले कोण जाणे. दुखण्याचे शब्द होते सगळे, पण तिच्या तोंडून ते दुखणं वाटत नव्हतं. कुणीतरी नदीतले गोटे एकेक करून हातात देतंय असं वाटत होतं. कळ, हे तिने स्पष्ट ळ घेऊन म्हटलं. नाळ, ळ. डोला, ल. गलू, ल. मधेच मी बहुतेक झोपलेही असेन, कारण जाग आली तेव्हा नागलीवर सावली आली होती आणि सिस्टर माझ्या कागदावर खुणा करत होत्या.

ठकूबाईच्या सुनेने नागलीची भाकरी आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी दिली. आमच्या ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्याला नागलीची काळी भाकरी पहिल्या घासाला मातीसारखी लागते. तिसऱ्या घासाला ती त्या डोंगरासारखी लागायला लागते. खुरासणीचं तेल ओठांवर संध्याकाळपर्यंत राहिलं.

उतरताना सिस्टर प्रथमच मोकळेपणाने बोलल्या. त्यांनी मला विचारलं की मी आठवडाभर गप्प का राहिले. मी वडिलांची, वॉर्डातल्या फोनची गोष्ट सांगितली. कडीचंही सांगितलं. वाटलं होतं त्यांना ते पटणार नाही.

पण त्या म्हणाल्या की त्यांनीही दार लावून घेतलं आहे. एकदा त्यांना सडकून ताप होता, भर दुपारी कुणीतरी कडी वाजवली, त्यांनी उघडलं नाही. चार-पाच तासांनी उठून दार उघडलं तर वरच्या पाड्यावरची एक पोटुशी बाई पायरीवर बसलेली. “मी तिला ओरडले. पुन्हा हाक का नाही मारलीस म्हणून. तर म्हणाली, तुमी आत हायेत ह्ये ठावं व्हतं. मंग काय घाय व्हती.”

एवढं सांगून त्या पुढे गेल्या. त्या बाईचं पुढे काय झालं ते मीच मागून विचारलं. मुलगी झाली, म्हणाल्या, आता ती मुलगी पाणीपुरवठ्यात कामाला आहे.

धरणाच्या काठी

तीन दिवसांत जवळजवळ सगळे शब्द जागेवर आले. एकच राहिला. फाईलमध्ये तो ‘वेलावणं’ असा होता. अर्थ लिहिला होता: खऱ्या कळा सुरू होण्याआधी, दोन-तीन दिवस, अंगात काहीतरी हळूच हलल्यासारखं वाटतं ते. दुखणं नव्हे, दुखण्याची चाहूल. सिस्टर म्हणाल्या की नर्सला हा शब्द कळणं सगळ्यांत गरजेचं आहे, कारण बाई हे म्हणाली की तिला घरी पाठवायचं नसतं.

ठकूबाईला तो ठाऊक नव्हता. इतर कुणालाच नव्हता. सिस्टरांनी तो एकाच बाईच्या तोंडून ऐकला होता, सखूबाईच्या. तिचा पाडा धरणात गेला. माणसं वर काठावर आणून वसवली होती, तिथे आम्ही चौथ्या दिवशी गेलो.

तशी दुपार मी पुन्हा पाहिलेली नाही. पाणी इतकं स्थिर होतं की डोंगर खालीही होते आणि वरही. काठापासून जरा आत एका वाळक्या झाडाचा शेंडा पाण्याबाहेर होता, त्यावर एक बगळा. सखूबाईची सून म्हणाली, तिथं आमचं खळं होतं. सखूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. सुनेला शब्द विचारला. तिने तो दोन्ही तऱ्हांनी तोंडात घोळवला, एकदा ल घेऊन, एकदा ळ घेऊन, आणि मान हलवली. सासू काहीतरी म्हणायची खरं, म्हणाली, पण आमी नाय म्हनत.

आम्ही काठावर बसलो. मी म्हटलं की ळ असेल तर तो वेळेवरून आला असेल. वेळ जवळ आली म्हणून. सिस्टर म्हणाल्या, आणि ल असेल तर वेलीवरून. वेल जशी न दिसता चढते तसं पोटात. दोन्ही खरे वाटत होते. पाण्याकडे बघत दोघींनी तो दोन्ही तऱ्हांनी म्हणून पाहिला.

“मीच ऐकला होता,” सिस्टर म्हणाल्या. “आणि मलाच आठवत नाही काय ऐकलं ते. टाइप करताना बरोबर केला होता का, तेही आता सांगता येत नाही.”

मी चुकले होते ती ओळ संगणकात दाखवता येत होती. त्यांची चूक, असली तर, कुठेच दाखवता येणार नव्हती. मला त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही. कोल्हापुरात धरला असता. इथली माणसं दुःखाला थोडी जागा सोडून बसतात.

पुन्हा नाशिक

छापखाना पंचवटीत, एका गल्लीत होता. आत शाईचा तोच वास. घरी आल्यासारखं वाटलं. मालकाला म्हटलं की पानं मी लावते, त्याने खुर्ची दिली. वीज जायची-यायची, त्यामुळे दिवस गेला. वेलावणं आणि वेळावणं दोन्ही शब्द छापायचे ठरले, शेजारी शेजारी.

शेवटचं पान कोरं राहिलं. मी म्हटलं, इथे तुमची ओळख टाकू. सिस्टर नको म्हणाल्या. जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, “तुमच्या प्रोग्रामला ते कॅपिटल अक्षरांतलं असतं ना, तसलं काही इथे टाकता येईल का?”

मी मागे वळून बघितलं.

“कुणी नर्स हे वाचून गोळी देईल,” त्या म्हणाल्या. “माझ्या कानावर विसंबून. मला भीती वाटते.”

त्या सगळ्या भांडणात ज्या परिच्छेदामागे मी लपले होते, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचला, आणि त्यांना एकेका वाक्याचं मराठी करून सांगितलं. आहे तसं. उपयोगी पडेल या आशेने दिलेलं. कसलीही हमी नाही. सिस्टर ‘आशेने’वर थांबल्या. म्हणाल्या, हे इंग्रजीत आहे का खरंच? मी म्हटलं आहे, मलाही आत्ताच दिसलं.

मग आम्ही लिहायला बसलो. मी लिहिलं: हे शब्द जसे ऐकले तसे दिले आहेत. उपयोगी पडतील या आशेने. ते अचूक असल्याची हमी नाही. चुकीची जबाबदारी संग्राहिका घेत नाही. सिस्टरांनी माझ्या हातातलं पेन घेतलं. हमी नाही हे ठेवलं. जबाबदारीचं वाक्य खोडलं आणि लिहिलं: औषध देण्याआधी बाईला पुन्हा विचारावे. चूक सापडल्यास कळवावे. मी घोटीत असते.

पुस्तिका मशीनवर चढली तेव्हा मी स्टँडवर होते. सिस्टर सोडायला आल्या नाहीत, पहिली छापील पानं तपासायला तिथेच थांबल्या. मला ते आवडलं.

कोल्हापूर

घरी आल्यावर दोन गोष्टी केल्या. पालट आता आधी मूळ फाईलची प्रत बाजूला ठेवतो आणि मगच हात लावतो. आणि तो इंग्रजी परिच्छेद जसाच्या तसा ठेवून त्याखाली मी मराठीत तीन ओळी घातल्या. हा प्रोग्राम मी फावल्या वेळात लिहिते. हमी देऊ शकत नाही. पण चूक सापडली तर कळवा, मी वाचते.

श्रीधरने त्या ओळींना विरोध केला. ‘मी वाचते’ ही एक प्रकारची हमीच झाली, असं त्याने यादीवर लिहिलं, आणि लोक त्याचा अर्थ ‘मी येते’ असाच घेतील असंही लिहिलं. मी त्याला फोन केला. पाडा, ठकूबाई, धरण, सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्याने. शेवटी म्हणाला की ओळी राहू देत, पण पस्तावशील. आणि त्याच आठवड्यात ल-ळची कोष्टकं सगळ्या फॉन्टांसाठी पुन्हा तपासून त्याने पाठवून दिली, न सांगता.

प्रशिक्षण पार पडल्याचं सिस्टरांचं कार्ड आलं. त्यात खाली लिहिलं होतं, ‘मलमल वाचून तुम्हाला हसू आलं होतं ते मी पाहिलं होतं. प्रशिक्षणात मी ती गोष्ट सांगितली, सगळ्या हसल्या, मीही हसले.’

श्रीधरचं म्हणणं खरं ठरायला महिना लागला. बागलाणातून एका शिक्षकांचं पत्र आलं, पोस्टाने, चार पानांचं. गावच्या जुन्या गाण्यांची त्यांची फाईल पालटमध्ये उघडत नव्हती. तक्रार अशी नव्हती. त्यांनी फक्त गावाला यायच्या दोन गाड्यांच्या वेळा लिहिल्या होत्या, सकाळची बरी पडेल असं सुचवलं होतं, आणि विचारलं होतं, घोटीला येऊन गेलात असं कळलं, मग आमच्याकडे कधी येता?